फारकतीच्या कागदावर लेकराचा हक्क सोडता येत नाही

डहाणू-तलासरीच्या गावपाड्यांत एखादा संसार मोडतो तेव्हा बऱ्याचदा कोर्टाची पायरी कुणी चढत नाही. पंच बसतात, दोन्हीकडची चार शहाणी माणसं बसतात, देण्याघेण्याचं बोलणं होतं आणि शेवटी स्टॅम्प पेपरवर फारकतनामा लिहिला जातो. पूर्वी हा कागद शंभराचा असे, ऑक्टोबर २०२४ पासून तो पाचशेचा झाला. मजकूर मात्र ठरलेलाच. पटत नाही, राजीखुशीने वेगळे होत आहोत, यापुढे एकमेकांवर कसलाही दावा नाही. इथवर कुणाची हरकत असण्याचं कारण नाही. दोन जाणत्या माणसांना एकत्र नांदायचं नसेल तर त्यांनी शांतपणे वेगळं व्हावं. पण त्याच कागदावर खाली एक कलम असतं: मूल आईकडे राहील, त्याचा सगळा खर्च आई करील, बापाकडे मुलासाठी पोटगी मागणार नाही; बापानेही मुलावर हक्क सांगायचा नाही, भेटायला यायचं नाही. खाली दोन सह्या किंवा दोन अंगठे, साक्षीदारांची नावं, नोटरीचा शिक्का. माझा वाद या एका कलमाशी आहे. आईने त्यात पोटगी सोडली, बापाने भेट सोडली आणि हिशेब फिटला असं पंचांना वाटतं. पण सोडलेल्या या दोन्ही गोष्टी त्या दोघांच्या नव्हत्याच. दोन्ही लेकराच्या होत्या.

या कलमाच्या बाजूने जे बोललं जातं ते पोकळ नाही, म्हणून ते आधी पुरतं मांडतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २(२) अनुसूचित जमातींना त्या कायद्यातून वगळतं. १९५६ चे अज्ञान पालकत्वाचा, दत्तक-पोटगीचा आणि वारसाचा असे तिन्ही कायदेही तसंच करतात. म्हणजे वारली, कोकणा, धोडिया, मल्हार कोळी यांची लग्नं आणि फारकती रूढीने होतात आणि कायद्याला ते मान्य आहे. वारली समाजात बाईला नको असलेला संसार सोडून दुसरं घर करता येतं. त्यासाठी तिला दहा वर्षं तारखांमागे फिरावं लागत नाही आणि गावात तोंड लपवावंही लागत नाही. शहरातल्या उच्चवर्णीय घरांतल्या बायकांना ही मोकळीक आजही मिळत नाही. शिवाय १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला रूढी आणि वाद मिटवण्याची पारंपरिक पद्धत जपण्याचा अधिकार दिला आहे, आणि डहाणू-तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. मग गावात मिटलेलं प्रकरण कोर्टात नेऊन काय साधायचं? वकिलाची फी, बुडालेली मजुरी आणि वाढलेलं वैर, एवढंच पदरी पडतं, असं हे म्हणणं आहे. मनापासून आदिवासींच्या बाजूची असलेली माणसंही ते मांडतात.

यातलं पहिलं अर्ध मी जसंच्या तसं मान्य करतो. रूढीची फारकत राहावी. रूढीने बाईला दिलेली सुटका कुठल्याही समान कायद्याच्या नावाखाली हिरावून घेऊ नये. पण रूढीने दिलेली ही मोकळीक नवरा-बायकोच्या नात्याची आहे. ते नातं बोलीने जुळतं आणि बोलीने सुटतं. आई-बाप आणि मूल यांचं नातं बोलीने जुळलेलं नाही, म्हणून ते पंचांच्या बैठकीत सुटतही नाही. एक माणूस आपला हक्क सोडू शकतो. दुसऱ्याचा हक्क त्याच्या वतीने, त्याच्याच नुकसानीत सोडू शकत नाही. तीन वर्षांच्या पोराच्या वतीने आईने केलेला अंगठा पोराचं जेवण बापाला माफ करतो, असं कुठल्या पंचाला विचारलं तर तो हो म्हणणार नाही. तरीही कागदावर नेमकं तेच लिहिलेलं असतं.

डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वरोरसारख्या गावात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते, कारण एकाच गावाच्या परिसरात दोन कायदे नांदतात. किनारपट्टीला मांगेला, माच्छी, भंडारी, वाडवळ अशी वस्ती. पूर्वेकडे सरकावं तसे वारल्यांचे पाडे. किनाऱ्यावरच्या घरातल्या मुलाला हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ आहे, ज्याखाली ताबा, खर्च आणि शिक्षण यांबद्दल कोर्ट हुकूम करू शकतं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं हे सांगणारा १९५६ चा कायदाही आहे. थोड्या अंतरावरच्या पाड्यातल्या वारली मुलाला यातलं काहीच थेट लागू नाही. त्याच्यासाठी रूढी आहे आणि १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. तो कायदा इंग्रजी अमदानीतला असला तरी त्याचं कलम १७ मुलाचं हित पाहायला सांगतं आणि मूल समजतं असेल तर त्याची इच्छाही विचारात घ्यायला सांगतं. या सगळ्या फरकांच्या वर मात्र एक तरतूद दोन्ही मुलांना सारखी लागू आहे, ती म्हणजे पोटगीची. फौजदारी संहितेचं जुनं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं, १ जुलै २०२४ पासून. लोक आजही ‘एकशे पंचवीस’च म्हणतात. ते जात, धर्म, जमात विचारत नाही. लग्न विधीने झालं की देज, म्हणजे वधूमूल्य, देऊन झालं, की लग्नाआधीच संसार मांडला, हेही ते मुलाच्या बाबतीत विचारत नाही. औरस असो वा अनौरस, स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या अज्ञान मुलाला ते पोटगी देतं. लग्नाचा खर्च पेलत नाही म्हणून वर्षानुवर्षं एकत्र राहून मुलंबाळं झाल्यावर सामुदायिक सोहळ्यात लग्न लावणारी जोडपी ज्या तालुक्यांत आहेत, तिथे ‘अनौरस’ हा शब्द फार मोलाचा आहे.

आता त्या कागदाचं कायद्यातलं वजन पाहू. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ लोकहिताविरुद्धचा करार निरर्थक ठरवतं. तडजोडीत पोटगी सोडल्याचं लिहून दिलेल्या बायकोलाही नंतर पोटगी मागता येते, कारण असा सोडहक्क सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये याच अंगाने निकाल दिला होता. ही दोन्ही प्रकरणं स्वतःच्या हातांनी सही करणाऱ्या जाणत्या बायकांची होती. जिने सही केली तिलाच तो कागद बांधत नसेल, तर ज्याने सही केलीच नाही त्या मुलाला कसा बांधणार? पण हे वरोर-वाणगावच्या रस्त्यावर राहणाऱ्या बाईला कोण सांगणार? तिला कागदाच्या खालचा नोटरीचा लाल शिक्का दिसतो आणि आपला मार्ग बंद झाला असं वाटतं. कलम निरर्थक असूनही काम करतं, ते असं.

याच मातीतला एक इतिहास इथे आठवावा लागतो. या भागात एकेकाळी लग्नच गहाण पडत असे. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने त्याच्याकडे राबून ते फेडायचे. त्या वेठबिगाराला लग्नगडी म्हणत. त्या व्यवहारातही अंगठा राजीखुशीचाच असे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात जे वारली जमले, गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर किसान सभेच्या झेंड्याखाली जे उभे राहिले, त्यांनी नेमकी हीच गोष्ट नाकारली: नाइलाजाने उठवलेल्या अंगठ्याला संमती म्हणणं. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जेठ्या गांगड आणि त्यांच्याबरोबरची माणसं गोळीबारात पडली ती या नकारासाठी. ज्या समाजाने अंगठ्याच्या कागदाविरुद्ध एवढं मोल मोजलं, त्याच्या नावाने आज कुणी फारकतनाम्याच्या कलमाला परंपरा म्हणत असेल तर तो त्या परंपरेचा फार लहान तुकडा पाहतो आहे. स्टॅम्प पेपर, नोटरी आणि ‘यापुढे कसलाही दावा नाही’ ही भाषा वारल्यांची नाहीच. ती कचेरीच्या बाहेर बसणाऱ्या लेखनिकाची आहे. तिला रूढीचं संरक्षण मागता येत नाही.

आणि खरोखरच जी रूढी आहे, तिचं काय? मूल बापाच्या कुळीचं, देज देऊन बायको आणली म्हणून लेकरू त्या घरचं, हे रूढीचं म्हणणं आहे. ते एक क्षण खरं धरा. मग लेकरू बापाच्या कुळीचं असताना त्याच्या तांदळाचा, दप्तराचा, औषधाचा खर्च बापाच्या घरावर का नाही? कुळी द्यायची आणि भाकरी द्यायची नाही, असं कुठलीही रूढी सांगत नाही. आज रूढी निम्मीच सांगितली जाते: मूल मोठं होऊन कमावतं झालं की ते बापाचं, आणि कमावतं होईपर्यंत आईचं. रूढीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या वारसा-प्रकरणात जे म्हटलं ते इथे लागू पडतं. रूढीही काळात गोठून राहू शकत नाही आणि तिच्या आड लपून कुणाचा हक्क हिरावता येत नाही, असा त्याचा आशय होता. पेसाने ग्रामसभेला दिलेला अधिकारही रूढी जपण्याचा आहे, लेकराची पोटगी माफ करण्याचा नाही.

गरिबीचा आक्षेप सगळ्यात अवघड, म्हणून त्याला सगळ्यात जास्त जागा. बाप खलाशी आहे, मजूर आहे, वीटभट्टीवर जातो. द्यायला आहे काय त्याच्याकडे? दिवाळीनंतर डहाणू-तलासरीतले तांडे भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातात, कित्येक पुरुष गुजरातच्या वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून चढतात, उरलेले उंबरगाव, वापी, तारापूरच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे लागतात. कमाई आहे, पण ती महिन्याच्या एक तारखेला येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा किनाऱ्यावरच्या घरात पैसा नसतो. हे सगळं खरं आहे, आणि मी कायद्याच्या बाजूने बोलत असलो तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे: थकलेल्या पोटगीपायी मजुराला तुरुंगात टाकून लेकराच्या ताटात काही पडत नाही. पण यातून निघतं काय? पोटगी कमी असावी, हंगामाप्रमाणे असावी, बोटीवर जाताना मिळणाऱ्या उचलीतून काही महिन्यांची आधीच बाजूला काढावी, एवढंच. पोटगी नसावी हे निघत नाही. धडधाकट पुरुषाला अंगमेहनत करूनही बायको-पोरांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० ला दिलेल्या निकालाने दोन्ही बाजूंना मिळकतीचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुनाही जोडला. गरीब माणसाची मिळकत मोजता येत नाही ही सबब त्यानंतर उरत नाही. मासिक पाचशे रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्येच गेली; किमान मर्यादा कधी नव्हतीच. हजार रुपये देता येत असतील तर हजार लिहा. शून्य लिहू नका, कारण त्या शून्याला बापाची गरिबी कारण नसते. तो तडजोडीत लावलेला भाव असतो.

त्या भावाची दुसरी बाजू बापाच्या नुकसानीची आहे, आणि ती बोलली गेली पाहिजे, कारण हा लेख बापांविरुद्ध नाही. ‘पोटगी मागणार नाही, पण भेटायला यायचं नाही’ या सौद्यात ज्याला खरंच लेकराची ओढ आहे तो बाप कायमचा बाहेर फेकला जातो. कोर्टात गेलेल्या घरांत हेच उलट दिसतं: पोटगी थकली की आई भेट बंद करते, भेट बंद झाली की बाप पोटगी बंद करतो. दोघंही समजतात की आपण समोरच्याला धडा शिकवतो आहोत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात सांगितलं की आई-बाप दोघांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याची भेट झाली पाहिजे आणि अंतर फार असेल तर फोन किंवा व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं पाहिजे. तो वाद अमेरिकेत राहिलेल्या जोडप्याचा होता, पण महिनोन्‌महिने ओख्याला असणाऱ्या खलाशालाही तो तितकाच उपयोगी आहे. बोट बंदराला लागली की फोन लागतो, आणि बंदीच्या दोन महिन्यांत तो घरीच असतो. पोटगी आणि भेट यांतली एक थकली म्हणून दुसरी अडवता येत नाही. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज आहे, भेट अडवली तर ताब्याच्या कोर्टात अर्ज आहे. दोन्ही वाटा वेगळ्या ठेवल्या आहेत त्या यासाठीच.

आईने दुसरं घर केलं, आता नवा नवरा पोसेल, हे आणखी एक उत्तर. कायद्यात घटस्फोटित बाईची स्वतःची पोटगी पुनर्विवाहाने थांबते. मुलाची थांबत नाही. कित्येक नवे नवरे मनाने पोसतात आणि त्यांचं मोठेपण कुणी नाकारू नये. पण त्या चांगुलपणामुळे जन्मदात्याचं देणं फिटत नाही. सरकार देतं, हेही ऐकू येतं. बालसंगोपन योजनेत पात्र मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि ते मागितलेच पाहिजेत. पण ती मदत आधाराला आहे, बापाला मोकळं करायला नाही.

‘कसलाही संबंध राहणार नाही’ या शब्दांची खरी किंमत पुढे पंधरा-सोळा वर्षांनी कळते. आदिवासी मूल आश्रमशाळेतून वर येतं, बारावीनंतर व्यावसायिक शिक्षणाला अर्ज करतं आणि त्याला जात पडताळणी लागते. समिती वंशावळ मागते. वडील, आजोबा, चुलते यांचे शाळा सोडल्याचे दाखले मागते. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागते. हे सगळे कागद बापाच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत असतात. ज्या घराशी संबंध तोडल्याचं लिहून दिलं त्या घराच्या दारात आता त्या पोराने जायचं. मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या नावाआधी आईचं नाव लावण्याचा नियम महाराष्ट्राने केला, हे चांगलंच झालं. पण पडताळणीचा पुरावा अजूनही बापाच्या रक्तनात्यातूनच मागितला जातो. फारकतीच्या वेळी ‘मुलाला लागतील ते दाखले वडील देतील’ अशी एक ओळ लिहायला कुणाचा पैसा जात नाही. ती नसल्याने वर्ष वाया जातं.

आणि या पट्ट्यात आता मिळकतीचा प्रश्न नव्याने उभा आहे. ७६,२२० कोटींच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ ला मंजुरी दिली, त्या ऑगस्टच्या ३० तारखेला पायाभरणी झाली. बंदराला जोडणारा महामार्ग, बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा मार्ग यांनी डहाणू-तलासरीच्या जमिनी घेतल्या आहेत किंवा घेत आहेत. बंदर हवं की नको हा किनाऱ्यावरच्या माणसांचा मोठा लढा आहे. तो या लेखात मिसळत नाही. पण जिथे मोबदला येतो तिथे तो खातेदाराच्या, म्हणजे बहुधा बापाच्या किंवा आजोबाच्या, खात्यावर येतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने विधवा, घटस्फोटित आणि घरच्यांनी टाकलेल्या बाईला वेगळं कुटुंब मानलं आहे, हे किती सरपंचांना ठाऊक आहे? आणि बापाच्या खात्यावर आलेली रक्कम ही त्याची मिळकत आहे, प्रतिज्ञापत्रात ती दाखवावी लागते, पोटगी ठरवताना ती मोजली जाते, हे किती आयांना ठाऊक आहे? जुन्या फारकतनाम्यात ‘दावा नाही’ लिहिलेलं आहे म्हणून गप्प बसलेल्या बाईच्या लेकराचा हिस्सा अशा वेळी मोटरसायकलीत आणि दारूत जातो.

कोर्ट लांब आहे, हे शेवटचं म्हणणं. कौटुंबिक न्यायालय म्हटलं की लोकांना मुंबई-ठाणं दिसतं. पण पोटगीचा अर्ज आई जिथे राहते तिथल्या दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे डहाणूच्या कोर्टात करता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अंतरिम पोटगी ठरावी असं कायदाच सांगतो. बाई, मूल आणि अनुसूचित जमातीची व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्याखाली उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते. बाप उंबरगावला गेला, राज्य बदललं, तरी तो जिथे असेल तिथला दंडाधिकारी हुकूम वसूल करू शकतो. यातलं काहीही सोपं नाही; नोटीस बजावली जात नाही, वॉरंट परत येतं, तारीख पडते. म्हणूनच मी पंचांना बाजूला सारा म्हणत नाही. त्यांनीच बसावं, कारण बापाचा ठेकेदार कोण, तांडेल कोण, उचल केव्हा मिळते हे कोर्टापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. फक्त फारकतीच्या कागदावर मुलाचं वेगळं लिहावं: राहणार कुठे, महिन्याला किंवा हंगामाला किती, कुठल्या खात्यावर, बाप केव्हा भेटणार, दाखले कोण देणार.

असं लिहायचं म्हटलं तर बाप फारकतीला राजीच होणार नाही, मग बाई अडकून पडेल, ही भीती मला पंचांच्या तोंडूनच पटण्यासारखी वाटते. बाईला लवकर सुटका हवी असते आणि तिच्या त्या घाईवरच हे कलम लिहून घेतलं जातं. पण तिची सुटका रूढीने तिला दिलेली आहे. ती बापाच्या मेहरबानीवर नाही. मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्याच डहाणूच्या दंडाधिकाऱ्याकडून खर्च आणि मुलाचा तात्पुरता ताबा दोन्ही मागता येतात. आणि पोटगीच्या अर्जासाठी फारकत झालेली असावी लागत नाही, फारकतनामा जोडावा लागत नाही, बापाची संमती तर लागतच नाही. ज्यांनी तो कागद दहा वर्षांपूर्वी लिहून दिला, त्यांचं मूल अजून अठराच्या आत असेल तर त्यांनाही आज हा अर्ज करता येतो.